जड दगड

वाटणीच्या दिवशी माणसांची पारख होते, असे आमचे तीर्थरूप म्हणत असत. चंद्रपुरास परकोटाच्या आत असलेला आमचा वडिलोपार्जित वाडा विकावयाचे ठरले आणि चौघा चुलतभावांची बिऱ्हाडे तीन दिवस पुन्हा एका छपराखाली नांदली, तेव्हा त्यांच्या म्हणण्याचा अनुभव येईल अशी आम्हांस धास्ती होती. पण भांडण म्हणून झालेच नाही. तांब्याचे बंब, पितळी घंगाळी, बंगईच्या कड्या, मणभर वजनाचा पाटा, ज्या वस्तूंसाठी मागल्या पिढीत भाऊ भावाशी अबोला धरी, त्या आता कोणास नकोशा झालेल्या. जो तो दुसऱ्यास आग्रह करी, 'दादा, हे तुम्हीच न्या.' सदनिकेत ठेवावयाचे कोठे, हा सर्वांचाच प्रश्न.

माळ्यावरून शेवटी एक लाकडी पेटी निघाली. आकाराने पोथीच्या पेटीएवढी, पितळी कडीची, वर शंभर वर्षांची धूळ. आत पोथ्याच असणार असे ठरवून पुतण्याने ती आमच्यापुढे सरकवली व म्हणाला, 'काका, ही तुमच्या कामाची.' घरातील संस्कृतचे कवाडे आमच्या खांद्यावर आहे, म्हणून जुने व निरुपयोगी दिसेल ते सर्व आमच्या वाट्यास येते, त्याप्रमाणे हेही आले. पेटी उघडली तो आत जांभळी मखमल, मखमलीत निरनिराळ्या आकारांच्या खाचा, आणि प्रत्येक खाचेत पितळेचा किंवा काचेचा एकेक जिन्नस निजवून ठेवलेला. झाकणाच्या आतल्या बाजूस जर्मनीतील सेले या गावचे नाव. आमच्या चुलत आजोबांचे चांद्यास इंग्रजी औषधांचे दुकान होते, एवढे आम्ही ऐकून होतो. त्यांस आम्ही पाहिलेले नाही. ही पेटी त्यांची.

ती तुला होती. पण दोन पारड्यांची नव्हे; पारडे तीत एकही नाही.

हे प्रकरण काय आहे याचा उलगडा होण्यास आम्हांस आठ दिवस लागले, व त्या कामी आमच्या आठवीतल्या नातीचे साह्य झाले हे येथे कबूल केले पाहिजे. हिला मोहर-वेस्टफालची तुला म्हणतात. कार्ल फ्रीडरिश मोहर हा कोब्लेन्ट्झ गावचा, १८०६ साली जन्मलेला औषधविक्या. त्याच्या नावाचे क्षार रसायनाच्या विद्यार्थ्यांस अद्याप पाठ करावे लागतात. द्रवाचे विशिष्टगुरुत्व, म्हणजे तो द्रव पाण्याच्या किती पट जड अगर हलका, हे काढण्याची सोपी तुला त्याने योजिली. पुढे सेले येथील गेओर्ग वेस्टफाल नावाच्या कारागिराने तिला एका बाहूची करून आजचे रूप दिले. औषधवाले, दारूच्या भट्ट्या, दूधवाले, साखरेचे कारखाने या सर्वांस ती उपयोगी पडे. आता विजेच्या यंत्रात दोन थेंब घातले की आकडा उमटतो. म्हणून या तुला माळ्यावर गेल्या.

तिची रचना मोठी गमतीची आहे. पितळेच्या खांबावर एक दांडी सुरीच्या पात्यासारख्या धारेवर टेकलेली असते. दांडीच्या आखूड बाजूस एक जाड गोळा व पुढे टोक. हे टोक खांबावरील दुसऱ्या टोकासमोर आले की दांडी समतोल झाली. लांब बाजूस दहा सारखे भाग पाडून खाचा केलेल्या, आणि दहाव्या ठिकाणी आकडा. त्या आकड्यास केसासारख्या प्लॅटिनमच्या तारेने एक काचेची कांडी टांगावयाची. हिला आपण बुडी म्हणू. बुडीच्या पोटातच इवलासा तापमापक आहे. बुडी हवेत लोंबत असता दांडी समतोल असते. ती पाण्यात बुडविली की पाणी तिला वर उचलते आणि दांडी त्या बाजूने वर जाते. मग नालेसारखी वाकविलेली पितळी वजने दांडीवर ठेवून तिला पुन्हा खाली आणावयाचे. इंग्रजीत या वजनांस स्वार म्हणतात, कारण ती दांडीवर मांडी टाकून बसतात. सर्वांत मोठा स्वार बुडीने सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका. दुसरा त्याच्या दशांश, तिसरा शतांश, चौथा सहस्रांश. कोणता स्वार कितव्या खाचेत बसला ते ओळीने वाचले की उत्तर आयते मिळते. गुणाकार नाही, भागाकार नाही. दशमान पद्धतीचे इतके देखणे चित्र आम्ही दुसरे पाहिले नाही, आणि हे शाळेच्या दिवसांत हाती असते तर दशांश अपूर्णांक शिकविताना आमचा व मुलांचा किती जीव वाचला असता!

आमच्या पेटीतील चौथा स्वार हरवलेला आहे. त्याची खाच मात्र मखमलीत जागा धरून आहे.

पहिला प्रयोग अर्थात पाण्यावर. उत्तर एक यावयाचे, आले ०.९९७. आमच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, 'अहो, पाणीसुद्धा पाण्याइतके भरत नाही, तर ही तुला काय कामाची?' तुला बिचारी खोटी नव्हती. ती पंधरा अंश उष्णतेच्या पाण्यासाठी बनविलेली. आमच्या माठातले पाणी त्या दिवशी सत्तावीस अंशांवर होते, आणि तापलेले पाणी फुगून किंचित हलके होते. जर्मनीतल्या कारागिरास आमच्या चांद्याचा उन्हाळा स्वप्नातही कसा दिसावा! दुसरा प्रयोग दुधावर. गाईचे निर्भेळ दूध पाण्याहून सुमारे तीन टक्के जड असते, म्हणजे १.०२८ च्या आसपास. आमच्याकडील दूध १.०२४ भरले. यावर घरात जी चर्चा झाली ती येथे देत नाही. एवढेच सांगतो की, नुसत्या या आकड्यावर विसंबूनही चालत नाही. साय काढून घेतली तर दूध जड होते व पाणी घातले तर हलके होते, तेव्हा दोन्ही लबाड्या एकदम करणारा दूधवाला तुलेस सहज फसवितो. खोबरेल तेल ०.९२ भरले. मधाच्या वेळी मात्र बुडी स्वच्छ कोण करणार यावरून प्रयोगशाळा बंद करण्यात आली.

आम्ही मॅट्रिक झालेले, आणि पाठशाळेत अमरकोश व लघुकौमुदी घोकलेले. तुला म्हटली की आमचे मन प्रथम पोथीकडे जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात तुलामानपौतव नावाचा अध्याय आहे. त्यात वजने लोखंडाची अथवा मगध व मेकल देशांतील पाषाणाची करावी, नाहीतर पाण्याने वा लेपाने वाढणार नाहीत आणि उष्णतेने घटणार नाहीत अशा द्रव्याची करावी, असे सांगितले आहे. वेस्टफालने प्लॅटिनमची तार का निवडली याचे उत्तर यातच आले. बृहत्संहितेत वराहमिहिराने आषाढी पौर्णिमेचा एक विधी दिला आहे. धान्यांची बीजे सायंकाळी तोलून ठेवावयाची व दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलावयाची. जे वाढेल ते त्या वर्षी पिकेल. विहिरीचे, वाहते व तळ्याचे अशी पाणीही तोलावयाची आणि त्यांवरून पाऊसमान ठरवावयाचे. तुला सोन्याची उत्तम, रुप्याची मध्यम, न मिळाल्यास खैराची. यावरून विशिष्टगुरुत्व आमच्या पूर्वजांस ठाऊकच होते असे म्हणणारे म्हणोत. आम्हांस ते पटत नाही. तेथे कालचे वजन व आजचे वजन यांची तुलना आहे; पदार्थ बुडाला असता पाणी त्यास किती उचलते हा विचार तेथे नाही. तो विचार ग्रीकांकडचा. आर्किमिडीजची कथा वाचकांच्या घरी लहान मुलासही येते. पुढे ११२१ साली मर्व येथील अल्-खाझिनी याने ज्ञानतुला नावाचा ग्रंथ लिहून रत्ने व धातू यांची गुरुत्वे दिली, आणि १५८६ साली गॅलिलिओने वयाच्या बाविसाव्या वर्षी अशाच तुलेवर एक लहानसा निबंध लिहिला. त्याने दांडीवर बारीक तार गुंडाळून तिचे वेढे हेच माप धरिले. वेढे डोळ्यांनी मोजवेनात, तेव्हा त्यांवरून सुरीचे टोक फिरवून आवाजाने मोजावे अशी युक्ती सांगितली. या युक्तीवर आमची नात फार खूश आहे.

येथवर आम्ही वाचकांस तुलेच्या गोष्टी सांगितल्या, त्या खऱ्या. पण ही पेटी पाहताच आम्हांस जी गोष्ट आठवली व जी आम्ही आठ दिवस मनाआड करीत होतो, ती निराळी आहे.

आमच्या टेबलावर एक दगड आहे. मुठीत मावेल एवढा, काळपट तांबूस, एका अंगाने पोलादासारखा चमकणारा. चाळीस वर्षे तो आमचे कागद दाबून बसला आहे. बदल्या झाल्या, मुलांची लग्ने झाली, सेवानिवृत्ती झाली. सामानाबरोबर दगडही फिरला. मोलकरणी तो पुसताना म्हणत, 'बाई, केवढा जड हा!' आणि कधी पाण्याने पुसला तर फडके लाल होई.

तो सूरजागडचा आहे.

१९८४ साली आम्ही एटापल्लीकडे एका शाळेत होतो. त्या वेळी गडचिरोली जिल्हा होऊन दोनच वर्षे झाली होती. पावसाळ्यात नाले भरले की तेथे टपालही पोचत नसे. शाळेस विज्ञानाचा शिक्षक मिळेना, म्हणून सातवीचे विज्ञान आमच्या गळ्यात पडले. आम्ही आदल्या रात्री कंदिलापाशी धडा वाचावा आणि दुसऱ्या दिवशी मुलांस सांगावा, असे चाले. घनतेचा धडा आला. साहित्य काय, तर एक ताणकाटा आणि एक बादली. प्रत्येकाने घरून एक दगड आणावा, तो दोऱ्याने बांधून आधी हवेत व मग पाण्यात तोलावा, आणि हवेतील वजनास घटीने भागावे. मुलांनी नदीतले गोटे आणले. कोणाचे २.६ आले, कोणाचे २.७, पुस्तकात दगडाची घनता अडीच ते तीन दिली होती. आम्ही धन्य झालो.

शेवटच्या बाकावर एक माडिया मुलगा बसे. सूरजागडच्या पायथ्याच्या गावचा, वसतिगृहात राही. फारसा बोलत नसे, आणि बोलला तर मराठी शब्द एकेक तपासून ठेवल्यासारखा ठेवी. त्याचा दगड हवेत ४९० ग्रॅम भरला आणि पाण्यात ३९०. घट शंभर. उत्तर ४.९.

आम्ही म्हणालो, 'चुकले.' त्याने पुन्हा तोलला. पुन्हा ४.९. आम्ही म्हणालो, 'काटा वाचता येत नाही तुला.' त्याने तिसऱ्यांदा तोलला व काटा आमच्या डोळ्यांसमोर धरिला. आता विचार करावयास हवा होता तो आम्ही. पण वर्ग पाहत होता, आणि पुस्तकात अडीच ते तीन होते. आम्ही ४.९ हा आकडा फळ्यावर लिहून त्यावर फुली मारली व म्हणालो, 'दगड कधी एवढा जड असतो का? दगड नव्हे, तूच जड!'

जड या शब्दास अमरकोशात थंड असाही अर्थ आहे आणि अज्ञ असाही. वजनदार हा अर्थ आमच्या मराठीतला. त्या दोन अर्थांवर ही कोटी साधली म्हणून आम्हांस त्या क्षणी बरे वाटले, हेही लिहिले पाहिजे. वर्ग हसला. दगड टेबलावर राहिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगा परत आला नाही.

आमच्या बाजूने काय सांगावयाचे? आम्ही संस्कृतचे मास्तर, आम्हांस खनिजे काय ठाऊक, असे म्हणता येईल. पण चांद्याच्या डोंगरांत लोखंड आहे ही काही गुप्त गोष्ट नव्हती. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने लोहारा येथील लोखंडावर अहवाल लिहिला; तो वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याची कल्पना शिरली. लोहाऱ्याचे लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा, दोन्ही एकाच जिल्ह्यात. वरोऱ्याचा कोळसा जर्मनीस पाठवून तपासला, तो कामास येण्यासारखा निघाला नाही. १९०४ साली जमशेटजींचे पुत्र दोराबजी व वेल्ड नावाचे अमेरिकन भूगर्भशास्त्री पुन्हा चांद्याच्या जंगलात हिंडले. तेथे जमले नाही, तेव्हा नागपूरच्या अजब बंगल्यात भिंतीवरील नकाशा पाहून त्यांस दुर्गच्या लोखंडाचा सुगावा लागला. शेवटी कारखाना साकची येथे निघाला. हे सर्व आम्ही मराठीच्या तासाला टाटांचे चरित्र सांगताना वर्गास रंगवून सांगत असू. त्याच वर्गास! पण मराठीच्या तासाचे लोखंड विज्ञानाच्या तासापर्यंत पोचले नाही.

पुढे तर अज्ञानाची सबबही उरली नाही. २००७ साली सूरजागडच्या डोंगरावर ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स या कंपनीस मिळाला, तेव्हापासून ते नाव वर्तमानपत्रांत येऊ लागले. २०१६ साली खोदकाम सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी तेथे सत्तरांच्या वर गाड्या जाळल्या. २०२१ पासून काम नेटाने चालले, आणि २०२३ साली वर्षास एक कोटी टन खनिज काढण्यास पर्यावरण खात्याची मंजुरी मिळाली. हे वाचताना ते वर्तमानपत्र ज्या दगडाखाली दाबलेले असे, तो त्याच डोंगराचा होता. मोजावा असे मनात आले नाही असे नाही. ताणकाटा बाजारात मिळतो, बादली घरात होती. आम्ही मोजला नाही.

आता तुला घरात आल्यावर पळवाट राहिली नाही. पण अडचण अशी की, या नाजूक दांडीस अर्ध्या किलोचा दगड कसा पेलावा? वेस्टफालच्या तुलेवर घन पदार्थही मोजता येतो, पण तो लहान हवा. आम्ही दगडाच्या कोपऱ्यावर हातोडी मारली. तीन घाव फुकट गेले, चौथ्याने सुपारीएवढा तुकडा उडाला. त्याच्या ताज्या अंगावर शाईसारखी काळी चकाकी होती. तुकडा उलट्या कौलावर ओढला तर रेघ मात्र गेरूसारखी लाल उमटली. उमटावयाचीच. तुळशीवृंदावन रंगविण्यास आपण जो गेरू आणतो तो याच खनिजाचा मऊ, मातकट भाऊ.

बुडी तारेसह पंधरा ग्रॅमांची आहे, हे सराफाच्या काट्यावर पाहून घेतले. ती काढून तिच्या जागी तुकडा टांगिला. पैठणीच्या पदरातून निघालेला एक रेशमी धागा त्या कामी सौभाग्यवतींनी दिला. समतोल साधण्यास २.९४ ग्रॅमांचे स्वार लागले, म्हणजे तुकडा १२.०६ ग्रॅमांचा. मग उकळून निवविलेल्या पाण्यात तो बुडविला. अशा दगडास चिकटून बुडबुडे राहतात व ते त्यास उचलून धरून घनता खोटी कमी दाखवितात; ते नातीने बारीक कुंचल्याने झाडले. आता आणखी २.४६ ग्रॅम लागले.

भागाकार नातीने केला. 'आजोबा, ४.९०.' पुन्हा केला, ४.८८. तिसऱ्यांदा ४.९१. शुद्ध लोहखनिजाची, ज्यास हेमॅटाइट म्हणतात त्याची, घनता ५.२६, गारगोटीची २.६५. खनिजात थोडी गार मिसळली व बारीक छिद्रे असली की आकडा पाचाच्या किंचित खाली यावयाचा. एक ताणकाटा, एक बादली, आणि बारा वर्षांचा मुलगा. जर्मनीच्या तुलेने त्याचे उत्तर दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत खरे ठरविले.

नात म्हणाली, 'एवढे गप्प का झालात?' तिला सर्व सांगितले. तिने विचारले, 'मग तुम्ही त्यांना सांगितले का?'

जानेवारीत आम्ही एटापल्लीस गेलो. पुतण्याने गाडी घेतली होती. आलापल्लीच्या अलीकडून खनिजाच्या ट्रकांची रांग सुरू झाली ती सुटेना. रस्त्याकडेची सागाची पाने लाल धुळीने माखलेली. ते दिवस ठाकूरदेवाच्या यात्रेचे. सूरजागडच्या डोंगरावर माडियांच्या ठाकूरदेवाचे ठाणे आहे, व आसपासच्या सत्तर गावांचा इलाका दरवर्षी तेथे जमतो. एक जुना विद्यार्थी आता तिकडेच शिक्षक आहे. त्याने पत्ता काढून ठेवला होता व तोच बरोबर आला.

अंगणात एक गृहस्थ टोपली विणीत बसले होते. केस पिकलेले. आम्हांस पाहून उठले, क्षणभर निरखले व म्हणाले, 'गुरुजी!' त्यांस तू म्हणावे की तुम्ही म्हणावे, हे आम्हांस ठरवता येईना. वाटेत जुळविलेली वाक्ये तेवढ्यावरच अडली. त्यांनी बाज टाकली, पाणी आणिले, काळा चहा झाला. मुलगा खाणीच्या ट्रकावर चालक आहे, सून अंगणवाडीत आहे, धान यंदा बरे झाले, अशी बोलणी झाली. शेवटी आम्ही पिशवीतून दगड काढून बाजेवर ठेवला आणि शेजारी नातीच्या अक्षरातला हिशेबाचा कागद ठेवला. म्हणालो, 'तुमचे उत्तर बरोबर होते. ४.९. चूक आमची.'

त्यांनी कागद पाहिला नाही. दगड उचलला व तळहातावर थोडा वरखाली झेलला. 'जडच होता, गुरुजी,' ते म्हणाले. 'आमाले मालूम होतं.' मग हसून म्हणाले, 'तुमाले मोजाले लई वर्सं लागली.'

आम्ही विचारले, 'शाळा सोडली ती त्यामुळे काय?' ते म्हणाले, 'नाही. बाप मेला त्या दिवाळीत. शेत होतं.' थोडे थांबून म्हणाले, 'पण पोरं हसली ते ध्यानात हाये.'

यावर आम्हांस बोलता आले नाही, आणि त्यांनी बोलण्याची गरजही ठेवली नाही. दगड हातात फिरवीत ते डोंगराकडे पाहत होते. तो कोठे सापडला होता ते त्यांनी सांगितले: वरच्या बाजूस एक झरा होता, त्याच्या काठी, आजोबांबरोबर पहाडावर गेले असता उचललेला. आम्ही म्हणालो, ती जागा पाहता येईल काय? ते म्हणाले, 'आता नाही ती जागा. खोदली.' तेवढ्यात त्यांचा अंगठा तुटलेल्या कोपऱ्यावर गेला. ताजी तूट आहे हे त्यांस तत्काळ कळले. 'हे कोणी फोडलं?'

'आम्ही. मोजण्यासाठी. तुला लहान आहे.'

'तुकडा?'

'घरी पेटीत ठेवला आहे. पाठवून देऊ.'

त्यांनी थोडा विचार केला. 'राहू द्या,' ते म्हणाले, 'तुमच्या नातीले ठेवा.' आणि दगड घेऊन आत गेले. धान्याच्या कणगीशेजारी भिंतीत एक कोनाडा होता; तेथे दिवा व एक कंगवा होता. कंगवा सरकवून त्यांनी तो तेथे ठेवला.

परत येताना काट्यावर ट्रक उभे होते, म्हणून आम्हांस अर्धा तास थांबावे लागले.